वॉल्ट डिस्ने यांचा पर्वत

वॉल्ट डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागो येथे झाला. व्यंगपटांनी कीर्ती दिल्यानंतरही सुटीच्या दिवशी मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर फिरत असताना ते बाकावर नुसते बसून राहत. थोरामोठ्यांनाही मुलांसोबत रमता यावे, असे उद्यान उभारण्याची कल्पना त्यातूनच रुजली. बंधू रॉय साशंक होते. तेव्हा डिस्ने यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढले. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले.

किल्ल्याचा खंदक खणताना निघालेल्या मातीची तिथे टेकडी झाली होती. पुढे तिच्यावर रोपवेचा लोखंडी मनोरा उभा राहिला आणि स्वप्ननगरीची शोभा उणावली. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील झेरमाट येथे एका चित्रपटाचे चित्रीकरण सुरू असताना डिस्ने यांना मॅटरहॉर्न शिखराने भुरळ घातली. त्याची १४७ फूट उंचीची, म्हणजे मूळ शिखराच्या शंभराव्या हिश्श्याची प्रतिकृती त्या टेकडीच्या जागी उभी राहिली. मनोरा तिच्या पोटात दडला.

पर्वताच्या पोटातून गाड्या धावायच्या, तर रुळांना अवघड वळणे देणे भाग होते. ॲरो डेव्हलपमेंट या कंपनीने त्यासाठी पोलादी नळ्या वाकवून रूळ घडवले. १४ जून १९५९ रोजी खुली झालेली ही सफर पोलादी नळ्यांच्या रुळांवरील पहिली रोलर कोस्टर मानली जाते; पुढे जगभर हीच पद्धत रूढ झाली.

१५ डिसेंबर १९६६ रोजी डिस्ने निवर्तले. १९९४ मध्ये रोपवे बंद पडला, मनोराही गेला. त्याला झाकण्यासाठी उभारलेला पर्वत मात्र आजही उभा आहे.