मुक्तांगणच्या मॅडम

व्यसनमुक्तीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : शेकडा किती जण सुटतात? बँकेत हयात गेल्यामुळे मलाही आकड्यांची ओढ आहे. पण कर्ज वाटले त्या दिवशीचा आकडा शाखेला नुसती शोभा देतो. खरे काय ते हप्ते सुरू झाल्यावर कळते. डॉ. अनिता अवचट यांच्या कामाकडे मी याच नजरेने पाहतो.

अनिताबाई पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झाल्या. पती अनिल अवचट तिथलेच, पण ते लेखनाकडे वळले. बाई मानसोपचारतज्ज्ञ म्हणून येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरीला होत्या. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, पुण्या-मुंबईतल्या घरांत शिरली. अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झाले. सल्ले देणारे पुष्कळ होते; रोजचा भार बाईंवर होता.

गर्दुल्ल्याला चोर, बेवड्याला नालायक म्हणायचे दिवस होते ते. बाईंनी त्यांना आजारी माणसे मानले. बरे झालेल्यांनाच कामावर घेतले, कारण नव्याने आलेल्याच्या थापा त्यांना तोंडपाठ. बायकांचे वेगळे गट केले. नवरा प्यायचा, पण घर चालवून पिचायची ती बायको. सगळ्यात चिवटपणा होता तो पाठपुराव्यात. घरी गेलेल्याने पुन्हा पुन्हा भेटायला यायचे. पुन्हा घसरला तर दार बंद नाही. घसरणे हा आजाराचाच भाग, तेव्हा त्याला बुडीत खात्यात टाकायचे नाही. बँकेला हे परवडत नाही, हे मी जाणतो.

अमेरिकेत १,७२६ मद्यपींवर तीन वेगवेगळ्या पद्धतींच्या समुपदेशनाची मोठी तुलना झाली. निष्कर्ष जानेवारी १९९७ मध्ये छापून आले : तिन्ही गटांचे पिणे बरेच घटले, पण पद्धतींमध्ये म्हणावा असा फरक नाही. माझा अर्थ असा, की कुणीतरी नेमाने समोर बसते, यालाच मोल असावे. गोव्यात तर डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी आरोग्य केंद्रांत काम केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुषांचे पिणे आटोक्यात आले होते. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण २६ टक्के. म्हणजे समुपदेशन मिळूनही बहुसंख्य सुटले नव्हतेच. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो, आणि बाईंचे उघडे दार नेमके त्यांच्यासाठी होते.

स्वतः कर्करोगाशी झगडत बाई हे करत राहिल्या. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्या गेल्या. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे मुक्तांगणची धुरा घेतली. पाठपुरावा सुटला नाही.