विश्लेषण : बियाणे निवडले, पराग राखला... मेंडेल यांच्या प्रयोगाआधी काय घडले होते?

शाळेच्या पुस्तकात ग्रेगोर मेंडेल भेटतात ते तीनास एक या प्रमाणासोबत. उंच रोप, बुटके रोप, गोल दाणा, सुरकुतलेला दाणा असा तक्ता फळ्यावर निघाला की धडा संपतो. त्या तक्त्यापूर्वीची वर्षे पुस्तकात येत नाहीत. कोणते बी पेरायचे आणि कोणत्या फुलावर कुणाचा पराग पोहोचू द्यायचा, या दोन प्रश्नांवर मेंडेल यांनी आधी बरीच मेहनत घेतली. त्यांच्या यशाचे मूळ तिथे आहे आणि पुढच्या अपयशाचेही.

मठात कसे पोहोचले?

मेंडेल यांचा जन्म १८२२चा, तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील हाइन्त्सेनडॉर्फ या खेड्यातला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अंतोन स्वतःची शेती सांभाळत आणि आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराकडे वेठ करत. १८३८ मध्ये झाडाचा ओंडका अंगावर पडून ते जायबंदी झाले आणि मुलाच्या शिक्षणाचा पैसा आटला. धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या हुंड्यातला वाटा भावाला दिला. मेंडेल यांनी ते ऋण पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलून फेडले. तरीही पोटाचा प्रश्न होताच. १८४३ मध्ये ते ब्र्यून, म्हणजे आजच्या ब्र्नो शहरातील सेंट थॉमस मठात दाखल झाले. मूळचे योहान तिथे ग्रेगोर झाले.

शिक्षकपदाच्या परीक्षेत ते १८५० मध्ये नापास झाले. मठाधिपती सिरिल नाप यांनी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात धाडले. तिथे डॉप्लर यांच्याकडे भौतिकशास्त्र आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकून ते १८५३ मध्ये परतले. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, पण तोही प्रयत्न फसला. अनुवंशशास्त्राचा हा जनक अखेरपर्यंत बदली शिक्षकच राहिला.

वाटाणाच का?

पपई किंवा भांग यांसारख्या वनस्पतींत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. भांगेचा पराग वाऱ्यावर उडतो, त्यामुळे मादी झाडातील बी कोणत्या नराचे हे सांगणे अवघड. जर्मन वैद्य रुडॉल्फ कामेरारियस यांनी १६९४ मध्ये वनस्पतींतील नर-मादी भेद दाखवून दिला. त्यांनाही भांगेनेच चकवले होते. नर झाडे दूर करूनही मादीला बी धरले आणि ते कोड्यात पडले. मादी झाडावर अधूनमधून नर फूल येते, शिवाय वाऱ्याने पराग लांबून येऊ शकतो. ही दोन्ही कारणे आज माहीत आहेत.

वाटाण्यात ही भानगड नाही. त्याच्या फुलात होडीच्या आकाराच्या पाकळीत पुंकेसर आणि स्त्रीकेसर बंदिस्त असतात. फूल पुरते उमलण्याआधीच स्वतःचा पराग स्वतःच्या कुक्षीवर पडतो. बाहेरच्या परागाला सहसा वाव नसतो आणि वाण आपोआप शुद्ध राहतो.

दोन वर्षे नुसती चाचणी?

होय. मेंडेल यांनी बियाणे विक्रेत्यांकडून वाटाण्याचे ३४ वाण मिळवले आणि दोन वर्षे नुसते पेरून पाहिले. पेरले तसेच उगवते का, एवढाच प्रश्न होता. एका वाणात वेगळी रोपे निघाली, तेव्हा ती चूक बियाण्यांच्या सरमिसळीची असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. शेवटी २२ वाण ठेवले आणि प्रयोगाच्या सगळ्या वर्षांत तेही दरवर्षी पेरून तपासत राहिले. विक्रेत्याच्या पाकिटावरील नावावर त्यांनी विसंबून राहायचे नाही असे ठरवले होते, आणि हा शहाणपणा त्या काळी सर्वत्र नव्हता. जर्मन संशोधक गेर्टनर यांनी सुमारे दहा हजार संकर केले. त्यांचे पुस्तक मेंडेल यांनी टिपणे काढून वाचले होते. पण गेर्टनर संपूर्ण वनस्पतीचे रूप पाहत राहिले. मेंडेल यांनी सातच गुण घेतले, तेही ठळकपणे वेगळे ओळखता येणारे.

त्यातही दाण्याचा आकार आणि रंग ही निवड चतुराईची होती. शेंगेतला दाणा म्हणजे पुढच्या पिढीचे रोपच. ते उगवायची वाट न पाहता शेंग सोलली की पुढची पिढी मोजता येते.

पराग कसा राखला?

सन १८५६ पासून प्रत्यक्ष संकर सुरू झाले. मठाच्या आवारातील सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद पट्ट्यात हे काम चाले. कळी पक्व होण्याआधी उघडायची, चिमट्याने एकेक पुंकेसर काढून टाकायचा आणि लगेच दुसऱ्या वाणाचा पराग कुक्षीवर लावायचा. उशीर झाला तर फुलाने स्वतःचे काम उरकलेले असते. जालना किंवा देऊळगाव राजा परिसरातील शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचे संकरित बियाणे तयार करणारे मजूर आज हेच काम करतात.

पराग ही पूड दिसत असली, तरी प्रत्येक कण जिवंत असतो. कुक्षीवर पडल्यावर त्यातून नलिका निघून बीजांडापर्यंत पोहोचली, तरच बी धरते. हा जीव किती टिकेल हे वनस्पतीवर आणि हवेवर अवलंबून असते. भाताचा पराग काही मिनिटांत निकामी होतो, तर खजुराचा कोरडा राखला तर पुढच्या हंगामालाही चालतो. ओल आणि उष्णता बहुतेकांना मारक. त्यामुळे ताजा पराग आणि नेमकी वेळ यांना पर्याय नसतो.

धोका आणखी एक होता, वाटाण्यावरील भुंगेऱ्याचा. त्याची मादी अंडी घालण्यासाठी फुलात शिरते, पाकळी उघडी पडते आणि परका पराग आत जाऊ शकतो. म्हणून मेंडेल यांनी काही कुंड्या काचगृहात ठेवल्या आणि बाहेरच्या रोपांशी त्यांचा ताळा घेतला.

गोल दाणा फसवा का?

गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. ते पेरून आलेल्या पिकात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. पिवळ्या-हिरव्या रंगाचा हिशेब ६,०२२ आणि २,००१. हे आकडे जरा जास्तच नेटके असल्याची शंका ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये घेतली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही, पण नियमाला त्याने धक्का लागत नाही.

खरी गंमत त्यापुढे आहे. गोल दाण्यांपासून वाढवलेल्या ५६५ रोपांपैकी १९३ रोपांनीच फक्त गोल दाणे दिले. उरलेल्या ३७२ रोपांच्या शेंगांत सुरकुतलेले दाणे पुन्हा दिसले. म्हणजे दिसायला सारख्या तीन दाण्यांपैकी दोन आतून मिश्र. बी पाहून वाण ठरवता येत नाही, ते पेरूनच कळते. संकरित वाणाचे घरचे बी पुढच्या वर्षी का बिघडते, याचे उत्तर याच आकड्यांत आहे.

गुलबक्षीवर एकच कण?

मेंडेल यांचा हिशेब एका गृहीतावर उभा होता. एक परागकण आणि एक बीजांड मिळून एक बी होते. पण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोदँ यांच्या मते एक कण पुरेसा नव्हता आणि डार्विन यांनीही त्याचा आधार घेतला होता. ते खरे असते तर तीनास एकचा पायाच ढासळला असता.

मेंडेल यांनी नोदँ यांचीच वनस्पती घेतली, गुलबक्षी. तिचे परागकण मोठे आणि प्रत्येक फुलात बी एकच. फुलावर मोजून एकच कण ठेवायचा, असा हा प्रयोग होता. त्यातून १८ चांगली बिये मिळाली आणि तितकीच रोपे झाली. बहुतेक रोपे नेहमीच्या रोपांइतकीच जोमदार होती. १८७०च्या जुलैमध्ये त्यांनी हे म्युनिकचे प्राध्यापक कार्ल नेगेली यांना पत्राने कळवले.

हॉकवीडने घात केला?

वाटाण्याचे निष्कर्ष १८६५च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ब्र्यूनच्या निसर्ग-अभ्यास मंडळात वाचले गेले, १८६६ मध्ये छापले गेले आणि विसरले गेले. नेगेली यांनी उत्तर दिले, पण ते साशंक होते. त्यांचा स्वतःचा अभ्यास हॉकवीड या सूर्यफुलाच्या कुळातील रानफुलाचा. मेंडेल यांनीही ते हाती घेतले. त्याची फुलके इतकी बारीक की आरसा आणि भिंग लावून प्रकाश टाकावा लागे. १८६९ मध्ये डोळ्यांवर इतका ताण आला की काम काही महिने थांबवावे लागले.

निकाल वाटाण्याच्या अगदी उलटा लागला. संकरित रोपे पहिल्याच पिढीत निरनिराळी निघाली आणि पुढे प्रत्येकाची संतती मातेसारखीच. कारण हॉकवीड बहुतांशी परागाशिवायच बी धरते. बी म्हणजे मातेची नक्कलच. ज्या माणसाने प्रत्येक कणाचा हिशेब ठेवला, त्याच्या हाती अशी वनस्पती आली जिथे पराग बहुधा निरुपयोगी होता. हे डेन्मार्कच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले. मेंडेल यांना ते कळणे शक्य नव्हते. आपला नियम सर्वत्र लागू नाही, एवढेच त्यांच्या पदरी पडले.

नंतर काय झाले?

मेंडेल १८६८ मध्ये मठाधिपती झाले होते. १८७४च्या कर कायद्यावरून त्यांचे सरकारशी भांडण जुंपले आणि त्यात उरलेली वर्षे गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने ते गेले. मठातील त्यांचे बरेचसे कागद जाळण्यात आले. १९०० मध्ये द फ्रीस, कोरेन्स आणि चेर्माक या तिघांनी त्यांचा निबंध पुन्हा पुढे आणला. यांपैकी कार्ल कोरेन्स हे नेगेली यांचे विद्यार्थी. नेगेली यांच्याकडे मेंडेल यांची पत्रे उरली होती. कोरेन्स यांनी ती १९०५ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा गुलबक्षीच्या त्या १८ बियांचा हिशेब लोकांपुढे आला.