जन्मभर शिकणाऱ्या शिक्षिका : अनुताई वाघ

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पहिल्यांदा अलिफ, बे गिरवायला लागलात ते दिवस आठवा. पुढे तुम्ही मराठीतील अ, आ, इ शिकलात. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, तर मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही लिप्या तुम्हांला शिक्षकांनी शिकवल्या. पण शिक्षकांचे स्वतःचे शिकणे कधी संपते का? या प्रश्नाचे उत्तर अनुताई वाघ यांच्या जीवनात मिळते.

पुणे जिल्ह्यात बारामती व इंदापूर हे शेजारशेजारचे तालुके आहेत. बारामती तालुक्यात कऱ्हा नदीच्या काठी मोरगाव हे गाव आहे. तेथे १७ मार्च १९१० रोजी अनुताईंचा जन्म झाला. त्या काळी मुलींची लग्ने लहानपणीच होत. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांतच त्या विधवा झाल्या. अशा मुलीने घराच्या कोपऱ्यात दिवस काढावेत, अशी तेव्हाची रूढी होती. अनुताईंनी मात्र पुस्तक हाती धरले. त्या शिकल्या आणि नाशिक जिल्ह्यातील खेड्यात प्राथमिक शिक्षिका झाल्या.

पुढे त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवू लागल्या. दिवसा त्या शिक्षिका असत आणि रात्री रात्रशाळेत विद्यार्थिनी होत. अशा रीतीने १९३७ साली त्या मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

त्या काळात ताराबाई मोडक या बालशिक्षणाचे मोठे काम करत होत्या. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीचा त्यांनी अभ्यास केला होता. लहान मूल मारून किंवा धाक दाखवून शिकत नाही. ते हाताने, डोळ्यांनी, खेळत खेळत शिकते, हे त्या पद्धतीचे सार होते. ताराबाई १९३३ पासून मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक चालवत होत्या. १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई पुण्याची नोकरी सोडून त्यांच्याबरोबर गेल्या.

पण तेथे एक मोठी अडचण उभी राहिली. गरीब वस्तीतील मुले शाळेत येईनात. कोणी गुरे राखत असे, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळत असे. वारली मुलांची घरची बोली वेगळी होती आणि पुस्तकातील मराठी वेगळी. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी असली, म्हणजे काय होते, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको! शिवाय माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. ती खेड्यात कोठून आणणार?

आता काय करावे? पुस्तकातील पद्धत येथे चालत नाही, असे म्हणून ती सोडून द्यावी का? ताराबाई व अनुताई यांनी तसे केले नाही. पुस्तकातील शब्द नव्हे, तर त्यामागचा विचार त्यांनी उचलला. महाग साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने आणि फुले आली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. ती कुरणशाळा.

१९५७ साली हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे धाकट्या बाळांसाठी पाळणाघर, त्याच्याजवळ बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी सोय झाली. त्यामुळे लहान भावंडाला पाळणाघरात ठेवून मोठी बहीण वर्गात बसू शकली.

इतके काम करतानाही अनुताईंचे शिकणे थांबले नाही. १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांनी बी.ए.ची पदवी मिळवली. त्यांनी शिक्षिकांना प्रशिक्षण दिले, ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन केले आणि शिक्षकांना उपयोगी पडतील अशी पुस्तके लिहिली. दूरच्या खेड्यात एकटीने वर्ग चालवणाऱ्या शिक्षिकेला सल्ला कोण देणार? असे मासिक किंवा पुस्तक हाच तिचा सोबती होता. वर्गात अडचण आली, की ते उघडावे, नवी युक्ती करून पाहावी आणि मुलांकडे पाहून ती सुधारावी.

१९७३ साली ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे नेले. भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, १९७५ पासून देशभर सरकारी अंगणवाड्या सुरू झाल्या. आज बारामती, इंदापूर भागातील गावांतही त्या आहेत. तेथून जाताना क्षणभर थांबा आणि आत बसलेल्या मुलांकडे पाहा. मोरगावच्या एका मुलीने हाती धरलेले पुस्तक जन्मभर खाली ठेवले नाही, याची तुम्हांला आठवण होईल.