प्रोफेसर दामोदर धर्मानंद कोसंबी

गणिताच्या पुस्तकातील शेवटची पाने विद्यार्थ्यांस फार प्रिय असतात. आपण सोडविलेले उदाहरण बरोबर की चूक, हे तेथील उत्तरे पाहून तेव्हाच कळते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही, त्याचे आपण काढलेले उत्तर खरे की खोटे, हे कसे ओळखावे? शाळा सोडून जगात पाऊल ठेविले म्हणजे बहुतेक प्रश्न ह्याच जातीचे भेटतात. असल्या प्रश्नांशी ज्यांनी जन्मभर झुंज घेतली, व पडताळ्यावाचून कोणतेही मत न स्वीकारण्याचे व्रत ज्यांनी चालविले, अशा एका महाराष्ट्रीय पंडिताचे अल्पचरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे येथे योजिले आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोमंतकात कोसबें येथे झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक होते. ज्ञानाच्या ओढीने घरदार सोडून त्यांनी नेपाळ, लंका व ब्रह्मदेश येथपर्यंत प्रवास केला होता, व पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पाली शिकवीत असत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी पाचारण केले, तेव्हा १९१८ साली त्यांनी दामोदर व थोरली कन्या माणिक यांस बरोबर नेले. अकरा वर्षांचा हा मुलगा तेथील शाळेत रुळला, आणि पुढे हार्वर्डमध्येच शिकून १९२९ साली अत्युच्च श्रेणीत पदवीधर झाला. गणितातील एका थोर अध्यापकांनी एकाच विषयावर चित्त एकाग्र करण्याचा सल्ला दिला असताही त्यांनी अनेक भाषा व अनेक शास्त्रे ह्यांचा अभ्यास सोडला नाही. ह्या हट्टाचे फळ पुढे कसे मिळाले, ते लवकरच दिसेल.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी प्रथम काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात व नंतर अलीगढ येथे अध्यापन केले. १९३१ साली नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३३ साली ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले, व पुढील सुमारे बारा वर्षे त्यांनी तेथे काढिली. १९३४ साली त्यांस रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले. ह्याच पुण्यातील वर्षांत त्यांनी संख्याशास्त्र हा तेव्हा नवा असलेला विषय स्वतःच शिकावयास घेतला. नुसती सूत्रे पाठ करून शास्त्र येत नाही, त्यास खराखुरा प्रश्न हाती लागावा लागतो. तो प्रश्न त्यांस सापडला जुन्या नाण्यांत.

इसवी सनापूर्वीच्या काळी आपल्या देशात चांदीची आहत नाणी चालत असत. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, अक्षरही नाही. एका बाजूस पाच खुणा ठोकलेल्या असतात, व दुसऱ्या बाजूस कमी-अधिक बारीक खुणा दिसतात. १९२४ साली तक्षशिलेच्या भीर टेकाडात अशी हजाराहून अधिक नाणी एका ठिकाणी सापडली. त्यांत अलेक्झांडरची जवळजवळ कोरी नाणीही होती, म्हणून तो ठेवा केव्हा पुरला गेला ह्याचा अंदाज करता येत होता. पुराणवस्तुखात्याने १९३९ साली ह्या नाण्यांची यादी वजनांसह प्रसिद्ध केली. विद्वानांचे लक्ष बहुतेक खुणांच्या अर्थाकडे लागले होते. वजनांचे आकडे छापले गेले, पण ते बोलके कोणी केले नव्हते.

येथे क्षणभर थांबून नोंदवहीचा विचार करू. केडगावाजवळ नेप्ती येथे कांद्याचा बाजार आहे. तेथे आलेल्या मालाची नोंद कोणी आज इतक्या गोणी आल्या एवढीच ठेविली, तर कोणत्या गावचा माल कोणत्या भावाने गेला, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या वहीतून कधीही निघावयाचे नाही. गाव, प्रत, वजन, भाव व तारीख ह्यांचे रकाने आधीच वेगळे आखलेले असतील, तरच ती वही पुढे विचारलेल्या प्रश्नास उत्तर देईल. रकाने आखणे हे कारकुनी काम वाटते खरे. परंतु कोणते प्रश्न विचारता येतील, हे तेथेच ठरून जाते.

प्रो. कोसंबी यांनी नेमके हेच केले. नाण्यांचे गट त्यांनी मागील बाजूच्या खुणांच्या संख्येप्रमाणे पाडिले, व प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढिले. तेव्हा असे दिसून आले की, मागच्या खुणा जो जो वाढतात, तो तो सरासरी वजन नियमाने घटत जाते. त्यावरून त्यांनी असे अनुमान बांधिले की, पुढील खुणा नाणे पाडणाऱ्या सत्तेच्या असून मागील खुणा चलनात फिरताना वेळोवेळी नाणे तपासणाऱ्यांच्या असाव्यात. अधिक खुणा म्हणजे अधिक काळ हातोहात फिरणे, आणि अधिक फिरणे म्हणजे अधिक झीज. एकटे नाणे ह्याविषयी काहीच सांगत नाही, कारण टांकसाळीतून निघतानाच प्रत्येक नाण्याच्या वजनात थोडा फरक असतो. परंतु पुष्कळ नाण्यांचा समूह मात्र सांगतो. १९४० साली हा विचार त्यांनी करंट सायन्स ह्या नियतकालिकात मांडला.

अनुमान सुंदर होते. पण ते खरे होते काय? दोन हजार वर्षांपूर्वीच्या तपासनिसास विचारावयास कोण जाणार? दुसरा एखादा पंडित येथेच थांबला असता. प्रो. कोसंबी यांनी मात्र आपली रीत अशा ठिकाणी लावून पाहिली, की जेथील उत्तर आधीच ठाऊक होते. त्यांच्या काळच्या चालू नाण्यांवर साल छापलेले असे. एखादे नाणे किती वर्षे फिरले, हे त्यावरून निश्चित कळे. अशी नाणी गोळा करून, एकेक तोलून, वर्षे व झीज ह्यांचा संबंध त्यांनी तपासला, आणि चलनात फिरल्याने नाण्यांच्या वजनावर होणाऱ्या परिणामाविषयीचा निबंध १९४२ साली प्रसिद्ध केला. ज्ञात नाण्यांवर रीत टिकली, म्हणून अज्ञात नाण्यांविषयी बोलण्याचा अधिकार तिला आला. गणिताच्या पुस्तकाची शेवटची पाने नव्हती, ती त्यांनी अशी स्वतः तयार केली.

ह्याच काळात त्यांनी आणखी दोन महत्त्वाची कामे केली. १९४३ सालच्या एका निबंधात त्यांनी असे दाखविले की, सतत बदलणारी गुंतागुंतीची राशी थोड्या मूळ आकारांची बेरीज म्हणून मांडता येते, व ते आकार महत्त्वाच्या क्रमाने लावता येतात. मग पहिले काही ठेवून बाकीचे सोडले तरी मूळ गोष्टीचा बहुतेक अंश हाती राहतो. फिनलंडचे कारुनेन व फ्रान्सचे लोएव्ह ह्यांनी काही वर्षांनी हाच सिद्धान्त स्वतंत्रपणे मांडला, व पुष्कळ काळ तो त्या दोघांच्याच नावाने चालला. आता त्यास कोसंबी यांचेही नाव जोडले जाते. चित्रांतील माहिती थोड्या जागेत साठविणे, चेहरे ओळखणे अशा संगणकाच्या कामांत हा विचार उपयोगी पडतो. दुसरे काम १९४४ सालचे. आनुवंशिक गुणांच्या अभ्यासात गुणसूत्रावरील अंतरे काढण्याचे एक सूत्र त्यांनी दिले, व ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

भर्तृहरीच्या शतकांचे त्यांनी केलेले संपादन १९४८ साली निघाले. त्यासाठी त्यांनी ३७७ हस्तलिखितांचा उपयोग केला. निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्यांत श्लोक निरनिराळे आढळतात. त्यांतील कोणते सर्वत्र मिळतात, कोणते काहींतच, व कोणते एखाददुसऱ्या पोथीत, असे वर्ग पाडून सुमारे दोनशे श्लोकांचा मुख्य गाभा त्यांनी वेगळा केला. नाणी असोत की श्लोक असोत, रीत एकच होती.

१९४६ साली डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, आणि कित्येक वर्षे पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत राहिले. १९४८-४९ साली युनेस्कोचे अभ्यासवृत्तिधारक म्हणून गणनयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी त्यांस इंग्लंड व अमेरिका येथे पाठविण्यात आले. त्या वेळी संगणक म्हणजे दिवाणखाना व्यापणारी यंत्रे असत. त्यांच्या संस्थेतच पुढे १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक कार्यास लागला.

आज रेल्वेचे तिकीट, बँकेतील देवघेव व परीक्षेचा निकाल ही सारी कामे महाजालावरील संगणक-प्रणालींतून चालतात, आणि त्या रचणारांस वरील दोन्ही पायऱ्या चुकविता येत नाहीत. पहिली पायरी माहितीच्या आराखड्याची. निकालाच्या तक्त्यात गैरहजर विद्यार्थ्यापुढे शून्य मांडले, तर शून्य गुण मिळालेला व परीक्षेस न बसलेला ह्यांत भेद राहत नाही, आणि वर्गाची सरासरी खोटी पडते. म्हणून दोहोंस वेगळे स्थान आधीच नेमावे लागते. दुसरी पायरी चाचणीची. गाडीत एकच जागा उरली असून दोन प्रवाशांनी ती एकाच क्षणी मागितली, तर तिकीट एकासच मिळाले पाहिजे, हे उत्तर आपणांस आधी ठाऊक असते. म्हणून तो प्रसंग मुद्दाम घडवून प्रणालीची परीक्षा घेतात. प्रथम लहान लहान भाग तपासतात, मग ते जोडून तपासतात, शेवटी सर्व प्रणाली एकत्र चालवून पाहतात. आणि पुढे एखादा भाग बदलला म्हणजे जुन्या सर्व चाचण्या पुन्हा घेतात, कारण एक ठिगळ लावताना दुसरीकडे उसवण्याचा संभव असतो. ज्ञात उत्तरावर रीत पारखून मगच अज्ञाताकडे वळावे, हेच ह्या सर्वांचे सार आहे.

चरित्रकाराने नायकाचे अपयश झाकू नये. रीमान नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८५९ साली मूळ संख्यांविषयी एक तर्क मांडला. तो आजही कोणी सिद्ध केलेला नाही. त्याची सिद्धता संख्याशास्त्राच्या मार्गाने मिळेल, असे प्रो. कोसंबी यांस वाटले, व त्या दिशेचा निबंध त्यांनी १९५९ साली शेतकी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला. इतर गणितज्ञांस ती सिद्धता मान्य झाली नाही. जेथे तर्काची साखळी कोठेही तुटून चालत नाही, तेथे संभवाचे गणित पुरे पडत नाही. समूहाविषयी जे बहुधा खरे, ते नाण्यांच्या प्रश्नात पुरेसे असते. येथे ते पुरेसे नव्हते. असे असूनही त्यांनी आपला आग्रह सोडला नाही, व त्यांच्या गणिती लौकिकास त्यामुळे धक्का बसला. १९६२ साली संस्थेतील त्यांची नेमणूक संपली व ती पुढे चालू ठेवण्यात आली नाही. दुसऱ्यांच्या मतांची कठोर परीक्षा घेणाऱ्या पुरुषासही स्वतःच्या आवडत्या मताची तितकीच कठोर परीक्षा घेणे किती जड जाते, हे ह्यावरून दिसते.

तथापि त्यांच्या आयुष्याचा दुसरा प्रवाह तोवर भरून वाहू लागला होता. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला, व १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. केवळ पोथ्यांवर विसंबून न राहता ते मावळातील डोंगरवाटा पायी तुडवीत, अश्मयुगीन दगडी हत्यारांचे बारीक तुकडे वेचीत, देवस्थाने व लेणी पाहत, व ग्रंथांतील विधाने जमिनीवर पडताळून घेत. त्यांच्या निष्कर्षांविषयी पंडितांत मतभेद आहेत. पण इतिहासाचा पडताळा शेतात व डोंगरावरही घेता येतो, हा त्यांनी घालून दिलेला धडा सर्वमान्य झाला आहे. २९ जून १९६६ रोजी पुण्यास झोपेतच त्यांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांस एकोणसाठावे वर्ष चालू होते. २००८ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढिले.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध स्वस्त आहे, व त्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. घरातील व ओळखीच्या दुकानातील एकाच किमतीची व एकाच धातूची शंभर नाणी मागून आणा. त्यांवरील सालाप्रमाणे त्यांचे गट पाडा. सराफाच्या काट्यावर एकेक तोलून वहीत साल व वजन ह्यांचे रकाने भरा, आणि प्रत्येक गटाची सरासरी काढा. झीज दिसते की नाही, हे वही सांगेल. दिसली नाही, तर तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवा. आपणांस हवे ते उत्तर आले नाही म्हणून आकडा बदलू नका. पालकांसही विनंती एवढीच की, मुलाने उत्तर सांगितले म्हणजे ते बरोबर आहे काय, इतकेच विचारून थांबू नये. ते बरोबर आहे हे तुला कशावरून कळले, हेही विचारीत जावे.