हरि नारायण आपटे : क्रमशः लेखन आणि कथानकाची घडण

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. पुण्यात चिपळूणकर, आगरकर व टिळक यांच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर घडला. गणित आड आल्यामुळे त्यांना पदवी मिळाली नाही. पुढे त्यांनी आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था सांभाळली.

रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीचा आधार घेतलेली 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणेवैभव'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले व ते १९१७ पर्यंत चालविले. दर आठवड्याला मजकूर पुरविण्याच्या या निकडीचा परिणाम त्यांच्या कथानकांवर झाला. प्रसंग लांबले, उपकथानके वाढली, काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. पाल्हाळ व शैथिल्य हे दोष समीक्षकांनी दाखविले ते निराधार नव्हेत.

तथापि 'पण लक्षात कोण घेतो!' या १८९० ते १८९३ मधील कादंबरीच्या संदर्भात हा निष्कर्ष तपासून पाहणे अगत्याचे ठरते. 'मुक्तामाला' (१८६१) परंपरेतील अद्भुतरम्य कादंबरीत योगायोग कथानकाला पुढे नेतो व अखेर सुखान्तही घडवितो. येथे यमूच्या पतीचा अकाली मृत्यू ही घटना आकस्मिकच आहे; परंतु त्यानंतर तिच्या वाट्याला येणारे केशवपन आकस्मिक नाही. ते रूढीने आधीच निश्चित केलेले आहे. म्हणजे कथानकातील कार्यकारणभाव लेखकाच्या युक्तीत नसून समाजव्यवस्थेत आहे. शिवाय सारे भोगून झाल्यावर यमू स्वतःच आपली कहाणी सांगत असल्याने माहेरच्या साध्या प्रसंगांवरही शेवटाची छाया पडते. सुट्या वाटणाऱ्या प्रसंगांना निवेदिकेची जाणीव एकत्र बांधते. म्हणून या कादंबरीतील विस्तार केवळ शैथिल्य ठरत नाही. हळूहळू आवळत जाणाऱ्या रूढीच्या पाशाचा अनुभव त्या विस्तारातूनच वाचकास येतो.

'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' यांसारख्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत मात्र रहस्य व उत्कंठा यांकडे ते पुन्हा वळले. १९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. पुणे नगरपालिकेचेही ते अध्यक्ष होते. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

कथानकाची एकात्मता केवळ घटनांच्या घट्ट जुळणीवरून ठरवावयाची झाल्यास हरिभाऊंची सर्वश्रेष्ठ कृती सदोष ठरते. घटनांमागील अपरिहार्यतेवरून ती ठरविली, तर मराठी कादंबरीच्या वास्तव वळणाचा आरंभ तेथेच दिसतो.