दिवाणखान्यात लक्ष्मी आणणारा चित्रकार

मैत्रिणींनो, घराला रंग दिला की हॉलच्या मोकळ्या भिंतीवर काय लावायचं, हा प्रश्न येतोच. आमच्या हर्सूलमध्येही कुणी सोफ्याला मॅचिंग फ्रेम आणतं आणि सासूबाईंच्या काळातली लक्ष्मीची तसबीर माळ्यावर जाते. ती उतरवण्याआधी, तिला आपल्या घरात आणणाऱ्या माणसाची ओळख करून घेऊ या.

राजा रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, केरळातल्या किळीमानूरचा. चित्रकलेचे पहिले धडे मामांनी दिले. तैलरंग मात्र ते बरेचसे बघून बघूनच शिकले. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पुराणकथांवरची १४ चित्रं करून घेतली. दमयंती, शकुंतला, सरस्वती या सगळ्या त्यांनी साडीत रंगवल्या, म्हणून त्या आपल्याला घरातल्या वाटतात.

पण ही चित्रं राजवाड्यांतच राहणार होती. तैलचित्र घेणं सामान्य माणसाला कुठलं परवडायला? म्हणून धाकट्या भावाला सोबत घेऊन १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आणले. दगडावर चित्र उतरवायचं, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकावर एक छपाई, असं ते किचकट काम. शकुंतलेचा जन्म हे तिथलं पहिलं चित्र. ज्यांना देवळाची पायरीही चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही घरात आता देवाची तसबीर लागू शकली. ही गोष्ट लहान नाही!

चित्रं घरोघरी गेली, पण धंदा काही जमला नाही. मुंबईत प्लेग आला, कर्ज वाढलं. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला आणि काही वर्षांतच जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकावा लागला. १९०५ मध्ये पाठीराखा भाऊ गेला आणि २ ऑक्टोबर १९०६ ला रविवर्माही गेले.

तेव्हा मैत्रिणींनो, नवीन चित्र जरूर घ्या. पण सोफ्याचा रंग बघून नको, रोज बघावंसं वाटेल असं घ्या. आणि जुनी तसबीर भंगारात देऊ नका. ऊन आणि ओल लागणार नाही अशा भिंतीवर तिला मानाची जागा द्या. ती आपल्या भिंतीपर्यंत यावी म्हणून एका माणसानं कर्ज काढलं होतं.