आट्यांना शिस्त लावणारा यंत्रज्ञ

मोटारीचा एखादा बोल्ट हरवला तर त्याच मापाचा दुसरा दुकानात सहज मिळतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ही सोय नव्हती. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टवर बसत नसे आणि यंत्र बिघडले की दुरुस्तीसाठी मूळ कारखान्याचेच दार ठोठवावे लागे. ही अनागोंदी मोडून काढण्याचे श्रेय सर जोसेफ व्हिटवर्थ यांच्याकडे जाते.

इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे २१ डिसेंबर १८०३ रोजी त्यांचा जन्म झाला. काकांच्या सूतगिरणीतील सुरक्षित भवितव्य सोडून ते यंत्रांच्या ओढीने मँचेस्टरला गेले. पुढे लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात त्यांनी अचूकतेचे धडे घेतले आणि १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचा कारखाना थाटला. इंचाच्या दशलक्षांश भागातील फरक दाखवणारे त्यांचे मापनयंत्र १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात गाजले.

१८४१ मध्ये त्यांनी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे एकसमान आट्यांची योजना मांडली. त्यासाठी त्यांनी देशभरातील कारखान्यांमधून बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आट्यांचा कोन ५५ अंश ठरला. बोल्टच्या जाडीनुसार दर इंचातील आट्यांची संख्याही निश्चित झाली. ही मापे कुणाच्याच प्रचलित पद्धतीपासून फार दूर नव्हती, हेच योजनेचे बळ ठरले. कायद्याची सक्ती नसतानाही रेल्वे कंपन्यांनी ती स्वीकारली. क्रिमियन युद्धात नौदलाला तोफनौकांसाठी सुमारे ९० इंजिने तातडीने हवी होती. त्यांचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत बनले, तरी ते एकमेकांशी जुळले.

सरकारदरबारी मात्र त्यांना नेहमीच यश लाभले नाही. त्यांच्या षट्कोनी नळीच्या रायफलने चाचण्यांत प्रचलित रायफलला मागे टाकले, तरी ब्रिटिश लष्कराने ती नाकारली.

त्यांच्या मानकालाही मर्यादा होती. गोलाई दिलेले आटे अचूक घडवणे सामान्य कारागिराला अवघड जाई. १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी फिलाडेल्फियात ६० अंशांची सोपी पद्धत सुचवली आणि १८६८ मध्ये अमेरिकी नौदलाने ती स्वीकारली. अर्ध्या इंचाच्या बोल्टवर व्हिटवर्थचे इंचाला १२ आटे, तर सेलर्सचे १३. या फरकाची किंमत दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना मोजावी लागली. अखेर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी समान आट्यांचा करार केला. त्यातही कोन ६० अंशांचाच राहिला.

व्हिटवर्थ यांनी १८६८ मध्ये होतकरू यंत्रज्ञांसाठी प्रत्येकी १०० पौंडांच्या ३० वार्षिक शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. मानक हुकमाने रुजते की सोयीने, या वादात त्यांचे आयुष्य सोयीच्या बाजूने साक्ष देते. मात्र दोन सोयींची गाठ पडते तेव्हा ती सोडवण्यासाठी अखेर सरकारांनाच एकत्र बसावे लागते, हेही त्यांच्या आट्यांनीच दाखवून दिले.